घरच्या घरी हॉट प्रोसेस साबण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉट प्रोसेस म्हणजे नेमकं काय?

तेल आणि कॉस्टिक सोड्याचं (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं) पाणी एकत्र घोटलं की त्यांची रासायनिक क्रिया सुरू होते. तेलातली मेदाम्लं कॉस्टिकमधल्या सोडियमशी जोडली जातात, त्याचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. तेल आणि साबण यांच्यातलं हे नातं मिशेल युजीन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडून दाखवलं.

ही क्रिया दोन्ही पद्धतींत एकच असते. कोल्ड प्रोसेसमध्ये मिश्रण साच्यात ओतून ठेवतात आणि क्रिया तिथे हळूहळू पूर्ण होते. हॉट प्रोसेसमध्ये बाहेरून उष्णता देऊन ती पातेल्यातच पूर्ण केली जाते. म्हणून साच्यात जाण्याआधीच साबण तयार झालेला असतो आणि त्याची तिथल्या तिथे परीक्षा घेता येते. नव्याने शिकणाऱ्याला मी हॉट प्रोसेसच सुचवते ती याच कारणासाठी. शिवाय सुगंधी तेलं, मध, दूध हे नाजूक घटक शेवटी घालता येतात, त्यामुळे कॉस्टिकच्या तडाख्यातून ते बरेचसे वाचतात.

कॉस्टिक सोडा न घालता साबण करता येईल का? मला सगळं नैसर्गिक हवं आहे.

नाही. तेलाचा साबण व्हायला अल्कली लागतेच. वडीच्या साबणाला सोडियम हायड्रॉक्साइड लागतो, तर द्रवरूप साबणाला पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ‘कॉस्टिकविरहित’ म्हणून मिळणारा वितळवायचा साबणाचा बेसही आधी कुणीतरी अल्कली घालूनच केलेला असतो. लाकडाच्या राखेच्या निवळीतही अल्कलीच असते, फक्त ती किती तीव्र आहे हे घरी नेमकं ठरवता येत नाही. रिठ्याचा फेस त्यातल्या सॅपोनिनमुळे येतो. तो उत्तम मळ काढतो, पण तो साबण नव्हे.

कॉस्टिकचं प्रमाण बरोबर असेल आणि क्रिया पूर्ण झाली असेल तर तयार वडीत मोकळं कॉस्टिक उरत नाही. माझ्या मते साबण किती ‘नैसर्गिक’ हे कॉस्टिक टाळण्यावर ठरत नाही. तेलं शुद्ध असणं, ग्लिसरीन वडीतच राहणं आणि पुढे कृत्रिम रंग-वास न घालणं, यावर ते ठरतं. खाण्याचा सोडा किंवा धुण्याचा सोडा कॉस्टिकऐवजी चालत नाही. दोघांनीही तेलाचा साबण होत नाही.

कॉस्टिक कोणतं घ्यायचं?

सोडियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या पापड्या किंवा मणी, शुद्धता ९७ टक्के किंवा त्याहून जास्त. नळ्या मोकळ्या करण्याची पावडर घेऊ नका, तिच्यात ॲल्युमिनियमचे कण किंवा इतर रसायनं असू शकतात. डबा घट्ट बंद ठेवा. उघडं राहिलेलं कॉस्टिक हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. मग वजन तेवढंच भरतं, पण जोर कमी झालेला असतो. गठ्ठे धरलेलं जुनं कॉस्टिक साबणासाठी वापरू नका.

कोणती भांडी लागतात?

स्टेनलेस स्टीलचं जाड बुडाचं पातेलं, किंवा स्लो कुकर. १ किलो तेलाच्या घाण्याला किमान ४ लिटरचं पातेलं घ्या, कारण शिजताना मिश्रण फुगून वर येतं. स्लो कुकर नसेल तर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात साबणाचं पातेलं ठेवा. थेट आचेपेक्षा हे कितीतरी बरं.

ॲल्युमिनियम अजिबात नको. कॉस्टिकशी त्याची क्रिया होऊन पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो आणि भांडंही खराब होतं. तांबं, पितळ आणि कल्हईची भांडीही दूर ठेवा. कॉस्टिकचं पाणी करायला जाड पॉलिप्रॉपिलीनचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. काच टाळा, कॉस्टिक काचेला कुरतडतं आणि एके दिवशी गरम पाण्यासकट ती तडकते.

याशिवाय हँड ब्लेंडर (त्याचा दांडा स्टीलचाच हवा), सिलिकॉनचा उलथणा, आतून बेकिंग पेपर लावलेला साचा. आणि १ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा. बाकी कशालाही पर्याय शोधता येईल, वजनकाट्याला नाही. साबणाची भांडी स्वयंपाकात परत वापरू नका.

वाटीच्या मापाने का चालत नाही?

कारण चूक किती महाग पडते ते आकड्यांत पाहा. २०० ग्रॅम तेलाला साधारण २८ ग्रॅम कॉस्टिक लागतं. त्यात फक्त २ ग्रॅम जास्त पडलं तर ती सुमारे ७ टक्क्यांची चूक झाली, आणि सुरक्षिततेसाठी आपण कॉस्टिक मुद्दाम कमी घेऊन ठेवलेली फट असते ५ टक्क्यांची. म्हणजे वडी तिखट झालीच. याच कारणाने पहिला घाणा फार छोटा करू नका. ५०० ग्रॅम ते १ किलो तेल बरं. सगळं ग्रॅममध्ये मोजायचं, तेलंसुद्धा आणि पाणीसुद्धा.

कॉस्टिक हाताळताना काय काळजी घ्यायची?

डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद पादत्राणं. खिडक्या उघड्या. मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. मधेच दाराची बेल वाजली तर दार उघडायला दुसरं कुणीतरी घरात असू द्या.

नियम एकच आणि तो कधीही मोडायचा नाही: पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं तर मिश्रण उसळून अंगावर येऊ शकतं. पाणी साधं किंवा गार असावं, गरम नको. कॉस्टिक विरघळताना पाणी स्वतःच ८० अंशांच्या वर जाऊ शकतं आणि त्याची वाफ घशाला झोंबते, म्हणून तोंड बाजूला ठेवून ढवळा.

अंगावर उडालं तर व्हिनेगर लावायचं का?

नाही. त्वचेवर व्हिनेगर लावू नका. भिजलेला कपडा लगेच काढा आणि तो भाग वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर लगेच डोळे उघडे धरून तेवढाच वेळ पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा, बरं वाटलं तरी जा. व्हिनेगर फक्त ओटा-फरशी पुसून झाल्यावर उरलासुरला अंश घालवण्यासाठी.

कॉस्टिक किती घ्यायचं हे कसं काढायचं?

प्रत्येक तेलाचा स्वतःचा एक आकडा असतो: १ ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण व्हायला किती ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. नेहमीच्या तेलांचे आकडे साधारण असे:

खोबरेल तेल ०.१८३
ऑलिव्ह तेल ०.१३४
सूर्यफूल तेल ०.१३४
एरंडेल तेल ०.१२८
शिया बटर ०.१२८

आता ६०० ग्रॅम ऑलिव्ह, ३०० ग्रॅम खोबरेल आणि १०० ग्रॅम एरंडेल असा १ किलोचा घाणा घेऊ. ऑलिव्हसाठी ८०.४, खोबरेलसाठी ५४.९, एरंडेलसाठी १२.८, मिळून १४८.१ ग्रॅम. यातून ५ टक्के कमी केले की १४०.७ राहतात. मी १४० घेईन, वर न जाता खाली.

तेल बदललं की हिशेब पुन्हा करायचा. वरच्या घाण्यात खोबरेल संपलं म्हणून ३०० ग्रॅम ऑलिव्हच वाढवलं आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं, तर जवळजवळ १५ ग्रॅम कॉस्टिक जास्तीचं झालं. आपली ५ टक्क्यांची फट होती साडेसात ग्रॅमची. म्हणजे अख्खा घाणा कातडी जाळणारा. इंटरनेटवर साबणाचे कॅल्क्युलेटर फुकट मिळतात, ते जरूर वापरा. पण एकदा तरी हा हिशेब हाताने करा, म्हणजे चुकीचा आकडा समोर आला की डोळ्याला खुपेल.

ते ५ टक्के कमी का करायचे?

त्यालाच सुपरफॅट म्हणतात. थोडं तेल साबण न होता तसंच उरावं, म्हणजे वडी त्वचेला कोरडी करत नाही आणि वजनातला बारीक फरकही पोटात घेतला जातो. अंगाच्या साबणाला ५ टक्के चांगले. ८-१० टक्क्यांच्या वर गेलं की फेस मंदावतो आणि वडी लवकर खवट होते. फक्त खोबरेलाचा साबण हा अपवाद: तो इतका जोरदार मळ काढतो की त्यात २० टक्के सुपरफॅट ठेवतात.

हॉट प्रोसेसमध्ये एक सोय आहे. कॉस्टिक संपल्यावर घातलेलं तेल साबणात बदलत नाही, त्यामुळे कोणतं तेल मागे उरावं हे तुम्ही ठरवू शकता. पण सगळं सुपरफॅट शेवटासाठी राखून ठेवू नका. २-३ टक्के शिजवतानाच असू द्या, बाकीचं शिया बटर वगैरे शेवटी.

तेलं कोणती निवडायची?

खोबरेल तेल कडकपणा आणि भरपूर फेस देतं. पण ३० टक्क्यांच्या वर गेलं की बऱ्याच जणांची त्वचा ओढल्यासारखी होते. ऑलिव्ह तेलाचा साबण सौम्य, मात्र त्याचा फेस कमी आणि काहीसा बुळबुळीत. एरंडेल तेल ५ ते १० टक्के घातलं की फेस टिकतो. त्याहून जास्त घातलं तर वडी चिकट होते. शिया किंवा कोको बटर १० ते १५ टक्के घातल्यास वडी घट्ट आणि मऊसूत लागते. सूर्यफुलासारखी पातळ तेलं १०-१५ टक्क्यांपर्यंतच ठेवा, ती लवकर खवट होतात.

महागडी तेलं तुमच्या वाट्याला किती येणार याचाही विचार करा. साबण त्वचेवर मिनिटभर राहतो आणि धुतला जातो. बदाम तेल किंवा जोजोबा अंगाला नुसतं लावलं तर जास्त सार्थकी लागतं.

पाणी किती?

कॉस्टिकच्या अडीचपट. १४० ग्रॅमला ३५० ग्रॅम. शिजताना वाफ जाते म्हणून कोल्ड प्रोसेसपेक्षा थोडं सढळ हाताने. शुद्ध केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. पाणी कॉस्टिकच्या वजनापेक्षा कमी कधीच नको, ते नीट विरघळणार नाही.

आता कृती सांगा.

सगळं आधी मोजून मांडून ठेवा, साचासुद्धा. कॉस्टिक पाण्यात घालून, विरघळवून, द्रावण नितळ होईपर्यंत बाजूला ठेवा. तेलं पातेल्यात एकत्र करून ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. बटर पूर्ण वितळलेलं हवं. आता कॉस्टिकचं पाणी बारीक धारेने तेलात सोडा आणि हँड ब्लेंडरने थांबून थांबून घोटा. काही सेकंद ब्लेंडर चालू, मग बंद करून नुसतं ढवळणं. ब्लेंडर वर काढताना चालू ठेवू नका.

थोड्याच वेळात मिश्रण घट्ट होऊ लागतं. उलथण्यावरून पडलेली धार पृष्ठभागावर रेघ सोडून जाते, ती लगेच बुडत नाही. याला ट्रेस म्हणतात. हॉट प्रोसेसला चांगला घट्ट ट्रेस हवा, कारण पातळ असताना थांबलात तर तापल्यावर तेल पुन्हा सुटू शकतं.

मग झाकण ठेवून मंद आच. पहिल्या अर्ध्या तासात पातेलं सोडून जाऊ नका. कडेने मिश्रण वर येऊन मधे दुमडू लागतं, थोडं पाणी सुटलेलं दिसतं, दाणेदार होतं. दर १५ मिनिटांनी खालपासून ढवळा. हळूहळू पांढरट अपारदर्शक भाग कमी होत जातो आणि सगळा लगदा व्हॅसलीनसारखा अर्धपारदर्शक, चकचकीत दिसू लागतो. स्लो कुकरमध्ये याला एक ते दोन तास लागतात. घड्याळावर विसंबू नका, लगद्याकडे पाहा.

परीक्षा झाली की आच बंद. साबण जरा निवला की रंग, सुपरफॅटचं तेल, शेवटी सुगंध. भराभर मिसळा आणि साच्यात दाबून भरा. साचा ओट्यावर चांगला आपटा, आतली हवा निघून जाते. दुसऱ्या दिवशी वड्या कापा.

शिजला की नाही हे कसं ओळखायचं?

चिमूटभर लगदा काढून गार होऊ द्या. बोटांत चोळल्यावर तो मेणचट लागतो, तेलकट किंवा पाणचट नाही. मग ओल्या बोटाने त्यावर घासून ते बोट जिभेच्या टोकाला निसटतं लावा. टोचणारा झटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे. नुसती साबणाची चव आली तर झालं. लगेच चूळ भरा. जुन्या कारागिरांचीही परीक्षा हीच आणि ती भरवशाची आहे.

लिटमस किंवा पीएच पट्ट्या साबणावर थेट चिकटवून नीट आकडा देत नाहीत. वापरायच्याच असतील तर १ ग्रॅम साबण १०० ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवून पाहा. ९ ते १०.५ हा पीएच साबणाला साहजिक आहे.

झटका बसला तर?

आणखी २० मिनिटं शिजवा आणि पुन्हा पाहा. बहुतेक वेळा एवढंच कमी असतं. लगदा कोरडा पडला असेल तर दोन चमचे गरम पाणी घाला. तरीही झटका राहिला तर वजनात चूक झाली आहे: १ किलोच्या घाण्यात २० ग्रॅम तेल घालून परत शिजवा आणि पुन्हा परीक्षा करा. झटका जाईपर्यंत तो साबण अंगाला लावायचा नाही, कुणाला द्यायचाही नाही.

पातेल्यातून उतू जायला लागलं!

आच बंद करा, झाकण काढा, जोरात ढवळा. बसतं खाली. हातमोजे शिजवण्याच्या वेळीही हातात असावेत ते यासाठीच. उतू गेलेलं मिश्रण अजून कच्चं, म्हणजे कॉस्टिकयुक्त असतं.

तेल वेगळं होऊन वर तरंगतंय. घाणा वाया गेला का?

नाही. ब्लेंडर आत बुडवून पुन्हा घोटा आणि शिजवणं चालू ठेवा.

नैसर्गिक रंग कोणते टिकतात?

इथे अपेक्षाभंग फार होतो, म्हणून आधीच सांगते. बीटाचा सुंदर लाल रंग साबणात तपकिरी होतो. जास्वंदही काळपट पडते. गुलाबाच्या पाकळ्या आत घातल्या तर मळकट डाग दिसतात. अल्कलीत आणि उजेडात टिकतील असे रंग वेगळे आहेत. खनिज मातीचे रंग सगळ्यांत भरवशाचे: मुलतानी, पांढरी चिनी, गुलाबी माती, १ किलो तेलाला १० ते २० ग्रॅम. ॲक्टिव्हेटेड चारकोल ५ ग्रॅमने राखाडी, १० ग्रॅमने काळाभोर. मंजिष्ठेने गुलाबी छटा येते, रतनजोतीने जांभळट, निळीच्या झाडाच्या पावडरीने निळी.

हळद अल्कलीत लालसर होते. शिजल्यावर चमचाभर घातली तर नारिंगी-पिवळी छटा मिळते, पण उजेडात महिन्याभरात फिकी पडत जाते. पाकळ्यांमध्ये कॅलेंड्युला तेवढी पिवळी राहते.

पावडर कोरडी टाकू नका, गाठी होतात. आधी थोड्या तेलात कालवून घ्या.

कडुलिंब, हळद घातल्याने मुरुम, खाज बरी होते का?

तसं म्हणू नका आणि कुणाला सांगूही नका. साबणाचं काम मळ काढणं. पानांची पावडर अल्कलीतून, उष्णतेतून जाते आणि त्वचेवर मिनिटभर राहते. मला या वनस्पतींबद्दल आस्था आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर खोटी आश्वासनं खपवलेली पाहवत नाहीत. त्वचेचा आजार असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

दूध, मध, दही, कोरफड कधी घालायची?

शिजून झाल्यावर, कोमट करून. मध १० ते १५ ग्रॅम पुरे, जास्त झाला तर वडी मऊ होते. १० ग्रॅम साखर थोड्या गरम पाण्यात विरघळवून घातली तर फेस लक्षात येण्याइतका वाढतो. २०-३० ग्रॅम दही घालून घोटलं की लगदा सैल पडतो आणि साच्यात नीट बसतो, हा माझा आवडता उपाय. दुधाऐवजी दुधाची पावडर सोयीची. कोरफडीचा गर गाळून घ्या, तंतू राहिले तर तपकिरी दिसतात. फळांचे तुकडे, ओली पानं मात्र नकोत, त्यांना बुरशी येऊ शकते.

सुगंध टिकत नाही, काय करू?

साबण फार गरम असताना सुगंधी तेल घालताय. लगदा ६५-७० अंशांच्या खाली येऊ द्या, पण घट्ट होण्याआधी घाला. प्रमाण १ किलो तेलाला २० ते ३० ग्रॅम. संत्रं-लिंबाचे वास पटकन उडतात. लव्हेंडर, गवती चहा, पॅचुली बऱ्यापैकी राहतात. दालचिनी आणि लवंग यांची तेलं त्वचेला झोंबतात, त्यांना या प्रमाणात घालू नका. लहान बाळांसाठी करत असाल तर वास घालूच नका.

दुसऱ्या दिवशी वापरता येतो ना?

येतो, क्रिया पूर्ण झालेली असते. पण तीन-चार आठवडे हवेशीर जागी, एकमेकांना न चिकटता ठेवा. पाणी निघून गेलं की वडी कडक होते, फेस सुधारतो आणि न्हाणीघरात ती दुप्पट दिवस टिकते असं म्हटलं तरी चालेल. ऑलिव्ह जास्त असलेल्या वडीला तर काही महिने दिलेत तरी थोडेच.

माझी वडी ओबडधोबड दिसते.

हॉट प्रोसेसचा पोत थोडा खडबडीतच असतो. गुळगुळीत हवी असेल तर दही घाला, झाकण शक्य तितकं बंद ठेवून वाफ अडवा आणि लगदा गरम असतानाच भरा.

लिंबाचा रस घालून पीएच ७ वर आणता येईल का?

नाही. साबण स्वभावतः अल्कधर्मी असतो. आम्ल घालत गेलात तर तो मोडतो आणि पुन्हा मेदाम्लं वेगळी होतात, तेलकट थर उरतो.

जड पाण्यात फेस येत नाही, पांढरा थर बसतो.

पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा साका करतात. उपाय सायट्रिक ॲसिडचा. ते कॉस्टिकशी मिळून सोडियम सायट्रेट होतं आणि ही खनिजं धरून ठेवतं. १ किलो तेलाला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, आधी पाण्यात विरघळवून. ते स्वतःपुरतं कॉस्टिक खातं, म्हणून ६ ग्रॅम कॉस्टिक जास्त घ्यायचं. हे विसरलात तर सुपरफॅट वाढतं.

केसांना चालेल?

काहींना मानवतो, पण अल्कधर्मी साबणाने केसांचे खवले उघडतात आणि केस राठ होतात. जड पाणी असेल तर मुळीच नको.

वड्यांवर नारिंगी ठिपके आले आणि खवट वास येतो.

उरलेलं तेल खवट झालं. जुनं तेल, जास्त सुपरफॅट, सूर्यफुलासारख्या तेलाचा मोठा वाटा, किंवा लोखंडाचा स्पर्श ही कारणं. वड्या लोखंडी जाळीवर सुकवू नका. थोडे ठिपके असतील तर तो भाग कापून हात धुवायला वापरा. वास पसरला असेल तर फेकून द्या, वितळवून नव्या घाण्यात मिसळलात तर नवा घाणाही खवट होईल.

कापताना उरलेले तुकडे?

ते चांगले असतील तर किसून, थोडं पाणी घालून मंद आचेवर मऊ करा आणि साच्यात दाबा. किंवा किसलेला चुरा पुढच्या घाण्यात शिजल्यानंतर मिसळा, रंगीत ठिपके छान दिसतात. त्यांचं वजन कॉस्टिकच्या हिशेबात धरायचं नाही.